सेटिंगचे कुलूप कुठे लावावे?

कार्यालयातल्या, बँकेतल्या किंवा कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर काही बदलायला गेले की पुष्कळदा एक चौकट समोर येते : यासाठी ॲडमिनचा पासवर्ड द्या. नवा प्रिंटर जोडायचा असतो, एखादा प्रोग्रॅम टाकायचा असतो, कधी नुसते घड्याळ पाच मिनिटे पुढे करायचे असते, आणि ज्या यंत्रापुढे आपण रोज आठ तास बसतो तेच आपल्याला नकार देते. राग येणे साहजिक आहे. मग आयटी विभाग म्हणतो, सगळे बंद ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. कर्मचारी म्हणतात, आमच्यावर विश्वासच नसेल तर तसे स्पष्ट सांगा. या ओढाताणीत मूळ प्रश्न बाजूला राहतो. तो असा, की नेमक्या कोणत्या सेटिंगला कुलूप हवे आणि ते कशावरून ठरवायचे? माझे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. ज्या बदलाचा परिणाम खुर्चीत बसलेल्या माणसापुरता राहतो तो त्याच्या हाती असावा, आणि ज्याचा परिणाम केबलमधून इतरांपर्यंत पोचतो त्याला कुलूप असावे. हुद्दा, सवय किंवा आयटी विभागाची सोय यावरून ही रेघ ओढली, तर ती हमखास चुकीच्या जागी पडते.

एका यंत्रावरचा बदल इतरांपर्यंत पोचतो म्हणजे काय होते, हे एका साध्या उदाहरणात दिसते. विंडोजमध्ये 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' नावाची सोय आहे. आपल्या कॉम्प्युटरला मिळणारे इंटरनेट शेजारच्या कॉम्प्युटरला देण्यासाठी एका चौकोनात टिकमार्क करायची, एवढेच काम. समजा कार्यालयातले इंटरनेट संथ आहे म्हणून कोणी स्वतःचा डोंगल लावला आणि सहकाऱ्यालाही फायदा व्हावा म्हणून ती टिकमार्क केली. त्या क्षणापासून त्याचा कॉम्प्युटर कार्यालयाच्या नेटवर्कवर इतर यंत्रांना पत्ते वाटू लागतो. प्रत्येक यंत्र सुरू होताना नेटवर्कला विचारते, की माझा पत्ता काय आणि बाहेर जायचा रस्ता कोणता? या प्रश्नाला उत्तर देण्याचे काम कार्यालयाच्या सर्व्हरचे असते. आता उत्तर देणारे दोघे झाले. ज्या यंत्रांना चुकीचे उत्तर आधी मिळाले त्यांना ना कार्यालयाचा सर्व्हर सापडतो, ना प्रिंटर. वरच्या मजल्यावरच्या लेखा विभागाचे काम बंद पडते आणि कारण खालच्या मजल्यावरच्या एका टिकमार्कमध्ये असते. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. म्हणूनच नेटवर्क सांभाळणारे ही सोय सहसा आधीच बंद करून ठेवतात, आणि ते योग्यच करतात.

हेतू वाईट असला की असाच एक बदल किती महागात पडतो, याचा पुरावा २०११ साली जगासमोर आला. 'डीएनएस चेंजर' नावाच्या घातक प्रोग्रॅमने सुमारे शंभर देशांतल्या जवळपास ४० लाख कॉम्प्युटरमधली एक सेटिंग बदलली होती. आपण वेबसाइटचे नाव टाइप करतो तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणारा एक सर्व्हर असतो, आणि कोणत्या सर्व्हरला विचारायचे हे कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये लिहिलेले असते. चोरांनी तिथे स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता लिहिला. मग वापरणाऱ्याने नाव बरोबर टाइप केले तरी तो कुठे पोचेल हे चोर ठरवू लागले. जाहिरातींच्या या फसवणुकीतून त्यांनी किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले. अमेरिकेच्या एफबीआयच्या तपासातून नोव्हेंबर २०११ मध्ये ही टोळी पकडली गेली, पण त्यांचे सर्व्हर लगेच बंद करता येईनात, कारण ते बंद केले असते तर लाखो लोकांचे इंटरनेटच थांबले असते. शेवटी त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. सेटिंगच्या एका ओळीत केवढी ताकद असते, ते यावरून कळावे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. कॉम्प्युटरला माणूस दिसत नाही, त्याला दिसतात ते प्रोग्रॅम. आपण एखादी फाइल उघडतो तेव्हा तिच्यातून जो काही प्रोग्रॅम चालू होईल, त्याला आपले सगळे अधिकार आपोआप मिळतात. आपल्याला सेटिंग बदलण्याचा अधिकार असेल तर तो त्यालाही असतो, आणि तो काही विचारत बसत नाही. एमआयटीचे संशोधक जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. त्यांतले एक असे, की प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या कामापुरताच, कमीत कमी अधिकार असावा. याचे कारण त्यांनी स्पष्ट दिले आहे : अपघात किंवा चूक झाली तर नुकसान मर्यादित राहते. म्हणजे ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्या चारित्र्याचा प्रश्नच इथे येत नाही. तो कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या नावाने चालणारा प्रोग्रॅम प्रामाणिक असेलच असे नाही.

घरगुती कॉम्प्युटरच्या जगाने हे तत्त्व बराच काळ मनावर घेतले नाही. मोठ्या यंत्रांवर आणि युनिक्समध्ये सामान्य वापरकर्ता आणि सर्वाधिकारी यांच्यातला भेद पहिल्यापासून होता. विंडोज ९८ मध्ये मात्र पासवर्डची चौकट आली की 'कॅन्सल' दाबून आत जाता येत असे. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये भेद होता, पण घरी यंत्र लावताना तयार होणारे खाते सर्वाधिकाऱ्याचेच असे, आणि कित्येक प्रोग्रॅम त्या अधिकाराशिवाय नीट चालतच नसत. घरी लागलेली ही सवय लोकांनी कार्यालयात नेली. घरातला एकटा कॉम्प्युटर बिघडला तर नुकसान एका घराचे होते. नेटवर्कवरच्या यंत्राला हा न्याय लागू पडत नाही.

नुकसान किती दूर पोचते हे महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरू लागला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे जाळे काही तासांत कोलमडले, आणि त्याच कंपनीच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या, आपल्या न्हावा-शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातल्या कंटेनर टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला तिच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण पॅच लावलेली यंत्रेही वाचली नाहीत. याचे कारण आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. हा प्रोग्रॅम ज्या यंत्रात शिरे, तिथे त्याला ॲडमिनचे अधिकार मिळाले तर तो त्या यंत्राच्या मेमरीत राहिलेले पासवर्ड वेचून काढी आणि तेच वापरून पुढच्या यंत्रात जाई. पुढच्या यंत्राला वाटे, अधिकृत ॲडमिनच आला आहे. साध्या अधिकाराच्या खात्यात तो अडकला, तर हे पासवर्ड वेचणे त्याला जमत नसे. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढच्या वर्षी डावोसमध्ये सांगितले.

आपल्या रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये एटीएमबद्दल काढलेले परिपत्रकही या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. एटीएम म्हणजे शेवटी पोलादी पेटीतला, नेटवर्कला जोडलेला कॉम्प्युटरच. त्या परिपत्रकाने बँकांना यंत्र सुरू होतानाच चालणाऱ्या बायोसला पासवर्ड घालायला, यूएसबी पोर्ट आणि ऑटोरन बंद करायला, ताजे पॅच लावायला आणि ॲडमिनचा अधिकार ठरावीक वेळेपुरताच द्यायला सांगितले, आणि त्यासाठी ऑगस्ट २०१८ ची मुदत घातली. यंत्रावर फक्त मंजूर प्रोग्रॅमच चालतील अशी व्यवस्था करायला मार्च २०१९ पर्यंतचा वेळ दिला. यातली एकही गोष्ट पैसे काढायला आलेल्या ग्राहकाला जाणवत नाही. त्याला हवे ते सगळे करता येते आणि नको ते काहीच करता येत नाही. चांगल्या कुलपाची हीच खूण आहे.

इथपर्यंत कुलपाची बाजू झाली. पण कुलूप हवे म्हणून सरसकट सगळ्याला ठोकले, तर तेही तितकेच चुकीचे आहे. घड्याळाचेच उदाहरण घेऊ. कार्यालयाच्या नेटवर्कवर ओळख पटवण्याची जी पद्धत विंडोज वापरते, तिच्यात तुमच्या यंत्राची आणि सर्व्हरची वेळ एरवी पाच मिनिटांहून जास्त फरकाची चालत नाही. जुना परवाना चोरून पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ही अट आहे. शिवाय कोणी कधी काय केले याची नोंद त्याच घड्याळावर चालते. तेव्हा वेळ बदलण्याला कुलूप रास्त आहे. पण एक्सपीमध्ये सामान्य वापरकर्त्याने नुसती तारीख बघायला घड्याळावर दोनदा क्लिक केले, तरी नकार मिळे. पुण्याहून लंडनला लॅपटॉप घेऊन गेलेल्या माणसाला तिथली वेळ दाखवणेही ॲडमिनशिवाय जमत नसे. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टामध्ये हे दोन अधिकार वेगळे काढले गेले. खरी वेळ बदलणे ॲडमिनकडे राहिले. कोणत्या देशाची वेळ दाखवायची हे वापरकर्त्याकडे आले, कारण त्याने आतले मूळ घड्याळ हलत नाही, फक्त दाखवणे बदलते. जोखीम तसूभरही वाढली नाही आणि माणसाची अडचण संपली. प्रत्येक सेटिंगकडे याच नजरेने पाहिले पाहिजे. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतही हा भेद मुळातच आहे : वापरकर्त्याच्या आवडीनिवडी एका भागात, यंत्राच्या सेटिंग दुसऱ्या भागात. गृहनिर्माण सोसायटीत आपल्या फ्लॅटमधले दिवे आपण हवे तेव्हा लावतो-मालवतो, पण मीटर रूमच्या किल्ल्या सोसायटीकडे असतात, तसेच हे.

ही विभागणी विसरून 'कंट्रोल पॅनल आणि सेटिंग बंद' असा एकच नियम लावणे ॲडमिनला सोपे जाते. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत तसा तयार पर्यायच आहे. पण त्या एका नियमाने काय काय बंद होते ते पाहावे. दृष्टी कमी असलेल्या कर्मचाऱ्याला अक्षरे मोठी करता येत नाहीत. डावखुऱ्या माणसाला माउसची बटणे उलटी करता येत नाहीत. मराठीत टिपणी लिहिणाऱ्या लिपिकाला इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडता येत नाही, आणि तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर टाइप करत राहतो, जो पुढे कोणत्याही शोधात सापडत नाही. यांतल्या एकाही सेटिंगचा परिणाम शेजारच्या यंत्रावर होत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा असलेल्या देशात आणि मराठी राजभाषा असलेल्या राज्यात डोळ्यांना आणि भाषेला लागणारी सेटिंग सुरक्षेच्या नावाखाली अडवणे समर्थनीय नाही.

जाच वाढला की सुरक्षाही घटते, हेही अनुभवाने सिद्ध झाले आहे. व्हिस्टाने २००७ मध्ये ॲडमिनचा अधिकार लागणाऱ्या बदलांआधी परवानगी विचारायला सुरुवात केली. हेतू बरोबर होता, पण प्रश्न इतके वारंवार येत, की लोक न वाचताच 'हो' दाबू लागले. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ते प्रश्न कमी करावे लागले. पासवर्ड दर काही दिवसांनी बदलायची सक्तीही अशीच. लोक जुन्याच पासवर्डपुढे एक आकडा वाढवत राहिले. अखेर अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्ये, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून, ही सक्ती काढून टाकली. साल्टझर आणि श्रोडर यांच्या आठ तत्त्वांतले शेवटचे हेच होते : संरक्षण वापरायला इतके सहज असावे, की माणूस ते आपणहून आणि नीट वापरेल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अपमानाचा : वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला यंत्राने अडवावे? याचे उत्तर वर आले आहे. कुलूप माणसाला नाही, त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रॅमला आहे. त्यापुढे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्याकडे अधिकारच नव्हता त्याच्यावर आळ येत नाही. चौकशीची वेळ आली की मर्यादित अधिकार हेच कर्मचाऱ्याचे सगळ्यात मोठे संरक्षण ठरते. पण हा न्याय वरपर्यंत लागू झाला पाहिजे. साहेबांच्या लॅपटॉपला सूट आणि लिपिकाच्या यंत्राला बंदी, असे असेल तर अपमानाची तक्रार खरी आहे आणि सुरक्षेचा दावा खोटा, कारण चोर बहुधा साहेबांच्याच लॅपटॉपच्या शोधात असतो.

दुसरा आक्षेप कामाच्या खोळंब्याचा आहे आणि तो पूर्णपणे रास्त आहे. साधा प्रिंटर जोडायला तीन दिवस लागत असतील तर लोक आडवाटा शोधणारच. मग कामाची कागदपत्रे खासगी मेलवरून फिरतात आणि ॲडमिनचा पासवर्ड एका चिठ्ठीवर सगळ्या विभागाला ठाऊक होतो. मात्र हा दोष मर्यादेचा नसून परवानगी देणाऱ्या यंत्रणेच्या ढिलाईचा आहे. तपासलेल्या प्रोग्रॅमची यादी आधीच तयार ठेवून कर्मचाऱ्याला त्यांतून हवा तो स्वतः बसवू देता येतो. तासाभराचा अधिकार देऊन तो आपोआप काढून घेता येतो. प्रत्येक यंत्राचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवून तो नियमित बदलण्याची सोय तर विंडोजमध्येच आहे. ज्या कार्यालयाला कुलूप लावायचे आहे, त्याने ते वेळेवर उघडून देणारा माणूसही नेमला पाहिजे.

तिसरा आक्षेप शिक्षणातून येतो. बटणे दाबून, बिघडवून आणि दुरुस्त करूनच कॉम्प्युटर समजतो. मुलांना कुलूप दाखवले तर ती फक्त वापरणारी होतील. हे खरे आहे, आणि म्हणूनच शिकण्याचे यंत्र वेगळे हवे. केंब्रिजमध्ये कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या मुलांची तयारी घटत चालल्याची चिंता वाटून एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर घडवला. तो २०१२ मध्ये बाजारात आला. त्याची सगळी सिस्टीम एका मेमरी कार्डावर असते. मुलाने ती पार बिघडवली तरी कार्ड पुसून नव्याने भरले की झाले. शाळेच्या लॅबमध्ये यंत्र पुन्हा सुरू करताच मूळ स्थितीत येईल असे सॉफ्टवेअरही वापरले जाते. तिथे दिवसभर हवे ते बदलू द्यावे. मात्र शाळेच्या निकालांचा आणि फीचा हिशेब ज्या नेटवर्कवर आहे, त्याला ही यंत्रे जोडलेली नसावीत.

सगळ्यात वजनदार आक्षेप चौथा आहे : कुलपाची किल्ली ज्याच्या हाती, त्याचे काय? २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराच्या एका नेटवर्क अभियंत्याने महापालिकेच्या मुख्य नेटवर्कचे पासवर्ड वरिष्ठांना द्यायला नकार दिला. त्याला अटक झाली, तरी कित्येक दिवस प्रशासनाला स्वतःच्याच नेटवर्कची सेटिंग हाताळता येईना. शेवटी त्याने ते पासवर्ड तुरुंगात भेटायला आलेल्या महापौरांना दिले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची गुपिते बाहेर आली, तीही सिस्टीम ॲडमिन म्हणून काम करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांच्याकडून. त्यानंतर त्या संस्थेने नाजूक कामांसाठी दोन माणसांच्या एकत्रित संमतीचा नियम आणला. १९ जुलै २०२४ रोजी तर कोणाचाही वाईट हेतू नसताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्ती सोपी होती, एक फाइल काढून टाकायची. पण त्यासाठी ॲडमिनचा अधिकार आणि पुष्कळ यंत्रांवर डिस्क उघडणारी लांबलचक किल्ली लागत होती. त्यामुळे यंत्रासमोर बसलेला कर्मचारी आयटीच्या माणसाची वाट पाहत राहिला.

या घटना पाहून कुलूपच नको म्हणणे चूक ठरेल. त्यांतून दिसते ते असे, की ॲडमिनचा अधिकार हाही अधिकारच आहे आणि कमीत कमी अधिकाराचा नियम त्यालाही लागू आहे. रोजची मेल वाचण्यासाठी ॲडमिनने सामान्य खाते वापरावे. मोठ्या बदलाला दुसऱ्याची संमती असावी. पासवर्डांची प्रत सीलबंद करून संस्थेच्या प्रमुखाकडे असावी. अपडेट आधी चार यंत्रांवर आणि मग चारशे यंत्रांवर जावा. आणि केंद्रातली व्यवस्था कोसळली तर जागेवरच्या माणसाने काय करायचे, हे कागदावर लिहून आधी एकदा करून पाहिलेले असावे.

हे सगळे मोठ्या कंपन्यांपुरते नाही. तालुक्याची पतपेढी, दहा संगणकांचे कॉलेज, डॉक्टरांचा दवाखाना, सीएचे ऑफिस, सगळीकडे आज नेटवर्क आहे आणि बहुतेक ठिकाणी सगळेच ॲडमिन आहेत. यासाठी फार खर्च नाही. प्रत्येकाला साधे खाते द्या. ॲडमिनचे खाते वेगळे आणि मोजक्यांकडे ठेवा. नेटवर्क, वेळ, नवे प्रोग्रॅम आणि यूएसबी यांना कुलूप लावा. अक्षरांचा आकार, कीबोर्ड, भाषा, माउस आणि आवाज मोकळे सोडा. कशाला बंदी आहे, का आहे आणि परवानगी कोणाकडे मागायची, हे एका कागदावर मराठीत लिहून भिंतीवर लावा. कर्मचाऱ्यांनीही आपल्या आयटीच्या माणसाला हक्काने विचारावे, की ही सेटिंग बदलली तर माझ्याशिवाय कोणाचे नुकसान होते? त्याला उत्तर देता आले तर कुलूप राहू द्यावे. देता आले नाही तर ते काढायला सांगावे.